म्हादईचे अरण्य आणि सत्तरीचा माणूस

मार्च २०२३ च्या पहिल्या पंधरवड्यात नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाण्याच्या अजस्र बादल्या लटकावून गोव्याच्या सत्तरी तालुक्यावर घिरट्या घालीत होती. खाली म्हादई अभयारण्याचे डोंगर जळत होते. एका कड्यावरची आग विझते न विझते तोच पलीकडच्या उतारावर धूर दिसे. हा प्रकार आठवड्याहून अधिक काळ चालला. सत्तरी हा काही माणदेशासारखा कोरडा मुलूख नव्हे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे दीडशे इंचांच्या घरात पाऊस कोसळतो, ओहोळ फुगतात, वाटा बंद होतात आणि घराच्या भिंतींना बुरशी चढते. अशा प्रदेशातले रान विझविण्यासाठी आकाशातून पाणी ओतावे लागावे, ही गोष्ट बातमी म्हणून चार दिवस गाजली आणि मागे पडली. आग कोणी लावली याविषयी तर्क झाले, चौकशा झाल्या, अभयारण्यात विनापरवाना शिरण्यास मनाई झाली. पुढे पाऊस आला, काळे पडलेले डोंगर हिरवे दिसू लागले आणि सर्वांनीच सुटकेचा निःश्वास टाकला.

वस्तुतः सुटकेचे काही कारण नव्हते. पश्चिम घाटातील खऱ्या सदाहरित अरण्याला सहसा वणवा लागत नाही. वरचे छत इतके दाट असते की भर वैशाखातही जमिनीवर ऊन पोहोचत नाही, खाली पडलेला पाला ओलसरच राहतो आणि ठिणगी पडली तरी ती जागच्या जागी विझते. रस्त्यासाठी, खाणीसाठी किंवा बागायतीसाठी या छताला एकदा भगदाड पडले, की ऊन आत येते, गवत माजते आणि परदेशातून आलेली रानमोडी झपाट्याने पसरते. ही रानमोडी पावसाळ्यात पुरुषभर वाढते आणि माघ-फाल्गुनात वाळून कोळ होते. मग एक काडी पुरते. पहिल्या आगीत कोवळी रोपे मरतात, मोठ्या झाडांच्या साली करपतात आणि पुढच्या वर्षीच्या आगीला रस्ता आणखी मोकळा होतो. म्हणून आगीनंतरच्या पावसाळ्यात जे हिरवे दिसते, ते पुष्कळदा पुढच्या आगीचे सरपण असते.

यात आता हवामानाची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ मधील दिवसाच्या कमाल तापमानाची देशाची सरासरी ही १९०१ पासूनच्या नोंदींतील त्या महिन्याची सर्वाधिक सरासरी ठरली. मार्च उजाडताच कोकण-गोव्यात उष्णतेच्या लाटेचे इशारे निघाले. किनाऱ्यावरच्या माणसाला ‘उष्णतेची लाट’ हा शब्दप्रयोगच नवा होता. दुसऱ्या टोकाला जुलै २०२१ मध्ये याच म्हादईला असा पूर आला, की सत्तरीत घरे कोसळली, बागायती वाहून गेल्या आणि गोव्याला १९८२ च्या महापुराची आठवण झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या आणि त्यांचे मूळ अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या बदललेल्या वागणुकीत आहे. थोडक्यात, पाऊस पडतो तेव्हा फार पडतो आणि उघडतो तेव्हा फार काळ उघडतो. पाणी धरून ठेवून सावकाश सोडणे हे अरण्याचे काम. ते पूर्वी जितके महत्त्वाचे होते त्याहून आज अधिक महत्त्वाचे झाले आहे. आणि नेमक्या त्याच वेळी ते काम करण्याची अरण्याची शक्ती खचत आहे.

म्हादई नदी कर्नाटकातील खानापूर तालुक्यात देगावच्या परिसरात उगम पावते, घाट उतरून सत्तरीत येते आणि पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. गोव्याच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग तिच्यावर आणि तिच्या उपनद्यांवर अवलंबून आहे. वाळपईला पाणी पुरविणारा दाबोसचा प्रकल्प तिच्यावर आहे आणि पणजी-फोंड्याला पाणी देणारे ओपा तिला मिळणाऱ्या खांडेपारवर आहे. सत्तरीतील काही गावांत उन्हाळ्यात नदीच्या पात्रातच भात पिकविण्याची ‘पुरण शेती’ नावाची एक आगळी रीत आहे. तीही या प्रवाहाच्या भरवशावर चालत आली. या पाण्याची राखण करणारे म्हादई अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरांचे आहे. उत्तरेला महाराष्ट्रातील दोडामार्ग-तिळारीचे जंगल, पूर्वेला कर्नाटकातील भीमगड आणि दक्षिणेकडे मोलेची राने ओलांडून थेट काळी व्याघ्र प्रकल्प, अशा एका लांबलचक पट्ट्याचा ते मधला दुवा आहे. राज्यांच्या सीमा नकाशावर असतात. त्या ना वाघाला ठाऊक, ना ओढ्याला.

या अरण्यात बांबर येथे ‘निरंकाराची राय’ नावाची एक देवराई आहे. जायफळाच्या कुळातील झाडांची दलदल तेथे आजही टिकून आहे. वर्षभर पाण्यात उभी असलेली ही झाडे चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढून श्वास घेतात. अशा दलदली पश्चिम घाटात आता अगदी थोड्या उरल्या आहेत. महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे अशीच एक आहे. झऱ्याची धार एक-दोन उन्हाळे आटली तरी त्या संपतील. त्यांना तोडण्यासाठी कुऱ्हाड लागणार नाही. हवामानबदल म्हणजे नक्की काय, हे शाळेतल्या मुलांना दाखवायचे असेल, तर ध्रुवप्रदेशातल्या बर्फाच्या चित्रांपेक्षा बांबरच्या दलदलीतल्या पाण्याची उंची दरवर्षी मोजून दाखविणे अधिक उपयोगाचे होईल. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की ही दलदल कोणत्याही वनखात्याने राखलेली नाही. गावाने देवाच्या नावाने राखली, म्हणून ती राहिली.

येथूनच खऱ्या प्रश्नाला सुरुवात होते. म्हादई अभयारण्य जाहीर झाले ते १९९९ साली. गोव्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपाल होते निवृत्त लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. १९७१ साली ढाक्याच्या शरणागतीत ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे जेकब. खाणमालक आणि आमदार यांच्या दाटीत जे निर्णय वर्षानुवर्षे होत नव्हते, ते त्यांनी काही महिन्यांत उरकले. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये त्या राजवटीची देणगी आहेत. ती तेव्हा जाहीर झाली नसती, तर लोह-मँगनीजच्या खाणींनी आज सत्तरी-सांग्याचे काय केले असते, याची कल्पना करण्यासाठी डिचोलीपर्यंत जाऊन यावे. तेव्हा तो निर्णय योग्यच होता, याविषयी शंका नको. परंतु सेनापतीच्या झपाट्याने काढलेल्या अधिसूचनेला पुढे मुलकी अधिकाऱ्याच्या चिकाटीची जोड मिळावी लागते. ती मात्र मिळाली नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्याचा इरादा जाहीर झाल्यावर आतल्या माणसांचे हक्क कोणते आहेत, याची चौकशी जिल्हाधिकाऱ्याने करायची असते. कोणाची शेती, कोणाची वाट, कोणाचे पाणी, कोणाचे चराईचे रान, हे सारे नोंदवून त्याचा निकाल लावायचा असतो. म्हादईत ते काम वीस वर्षांहून अधिक काळ अर्धवट लोंबकळत राहिले. दरम्यान २००६ चा वनहक्क कायदा आला. हजारो दावे दाखल झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. या कायद्याने अनुसूचित जमातींखेरीज इतर वनवासींवर एक जाचक अट घातली आहे: तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध केला पाहिजे. १३ डिसेंबर २००५ पासून मागे पंचाहत्तर वर्षे मोजली, तर १९३० साल येते. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. डोंगरउतारावर कुमेरी करून नाचणी पिकविणाऱ्या कुळवाड्याला पोर्तुगीज दप्तरात कोण नोंदविणार? सत्तरीतील जमिनी एक तर मोकासदारांच्या नावावर, नाही तर सरकारच्या. कसणाऱ्याच्या नावावर काहीच नाही. आजोबाने लावलेल्या काजूच्या झाडाखाली उभा राहून नातू आपण अतिक्रमण केलेले नाही, असे सांगत आला आहे.

असा माणूस अभयारण्याकडे कोणत्या नजरेने पाहील? त्याच्या लेखी अभयारण्य म्हणजे रस्त्याला आलेला नकार, विजेच्या खांबाला आलेला नकार आणि गुराखी पोराला गार्डाने दिलेला दम. शिवाय अंजुणे धरणासाठी उठविलेल्या गावांची आठवण याच तालुक्यात ताजी आहे. विस्थापनाची भीती ही पुढाऱ्यांनी भरवलेली असेल; पण ती निव्वळ कल्पित नाही.

या दुराव्याची किंमत जानेवारी २०२० मध्ये वसूल झाली. गोळावली गावाजवळ चार-पाच दिवसांच्या अवधीत एका वाघिणीसह चार वाघांची कलेवरे सापडली. वाघाने मारलेल्या गुराच्या कलेवरात विष कालविले गेले होते. गुरे पाळून जगणाऱ्या एका कुटुंबातील माणसांना अटक झाली. त्याआधीच्या, म्हणजे २०१८ च्या गणनेत सबंध गोव्यात वाघ होते अवघे तीन! हा आकडा आणि मेलेल्या वाघांचा आकडा शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे त्या चार-पाच दिवसांत काय घडले ते कळते. हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. २००९ साली याच तालुक्यातील केरी परिसरात फासात अडकलेला वाघ मारला गेल्याचे प्रकरण गाजले होते. त्या वेळी गोव्यात मुळात वाघ आहेत की नाहीत, यावरच वाद चालला होता. वाघ असल्याचे मान्य केले तर खाणी अडचणीत येतील, ही भीती त्या वादामागे नव्हती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

या घटनेतील विपर्यास असा, की सत्तरीचा माणूस वाघाला शत्रू मानत आलेला नाही. येथल्या गावागावांत ‘वाघ्रो’ म्हणून वाघाच्या दगडी प्रतिमा पुजल्या जातात. रानाचा धनी म्हणून त्याला मान असतो. अधूनमधून एखादे गुरू तो नेणारच, हा हिशेब पूर्वी गृहीत होता. तो हिशेब का मोडला, याचा विचार कोणी केला का? पूर्वी गुरे पुष्कळ होती आणि रान गावाचे होते. आता दुभती जनावरे मोजकी, त्यांची किंमत कर्जात अडकलेली, आणि रान सरकारचे. धन्याने नेले तर रडून गप्प बसता येते. सरकारच्या वाघाने नेले तर भरपाईचा अर्ज करावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो आणि पैसे कधी येतील ते विचारीत वाळपईच्या कचेरीत हेलपाटे घालावे लागतात. हा विष घालण्याच्या कृत्याचा बचाव नव्हे. तो गुन्हाच आहे आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी. परंतु भरपाई महिन्याऐवजी आठवड्यात मिळाली असती तर चार वाघ वाचण्याची शक्यता किती वाढली असती, हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

या पार्श्वभूमीवर राज्यकर्त्यांचे वर्तन पाहावे. जयराम रमेश केंद्रात पर्यावरणमंत्री असताना, २०११ साली, त्यांनी म्हादईला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्याविषयी गोवा सरकारला लिहिले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने पुढे तीच शिफारस केली. काहीच हालचाल झाली नाही. २०२० च्या वाघहत्येनंतर गोवा फाउंडेशन ही संस्था उच्च न्यायालयात गेली आणि २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. त्याच आदेशात वनवासींच्या हक्कांचे दावे शक्यतो बारा महिन्यांत निकालात काढा, असेही सांगितले. राज्य सरकारने या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. हजारो लोक विस्थापित होतील, हे त्याचे मुख्य म्हणणे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थिती जैसे थे ठेवण्यास सांगून केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे हा विषय सोपविला.

आता याच सरकारची दुसरी बाजू. कर्नाटकाला कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी पूर्वेकडे मलप्रभेत वळवायचे आहे. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. तिन्ही राज्यांना तो मान्य झाला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या योजनेचा आराखडा मंजूर केला, तेव्हा गोव्यात एकच संताप उसळला. तो योग्यही होता. त्या वेळी गोव्याच्या हाती सर्वांत धारदार शस्त्र कोणते होते? वन्यजीव कायद्याचे २९ वे कलम. अभयारण्यातील पाण्याचा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीवाचून वळविता वा अडविता येत नाही, असे ते कलम सांगते. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याने त्याच कलमाखाली कर्नाटकाला नोटीस बजावली. म्हणजे पाण्यासाठी भांडताना अभयारण्य ही गोव्याची ढाल आणि वाघासाठी बोलताना तेच अभयारण्य गोव्याच्या पायातली बेडी! जानेवारीत एक भूमिका आणि जुलैत दुसरी. न्यायालयात प्रतिपक्षाचा वकील झोपलेला असेल असे गोव्याच्या कायदेपंडितांनी गृहीत धरले असेल, तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्राने तरी यावर हसू नये. दोडामार्गात विर्डी येथे वाळवंटीच्या पाण्यावर धरण बांधताना त्याने शेजाऱ्याशी काही फार सौजन्याने वागून दाखविलेले नाही.

विस्थापनाच्या मुद्द्यात कितपत तथ्य आहे, हेही पाहिले पाहिजे. २००६ साली दुरुस्त झालेल्या वन्यजीव कायद्यात व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग कल्पिले आहेत. गाभ्याच्या क्षेत्रातून माणसे हलवायची झाली, तर आधी त्यांचे हक्क मान्य केले पाहिजेत, त्यांची आणि ग्रामसभेची संमती पाहिजे आणि पुनर्वसन आधी झाले पाहिजे. भोवतालच्या क्षेत्रात तर माणूस आणि वाघ यांनी सोबत राहावे, हाच कायद्याचा हेतू आहे. तेव्हा उद्या पोलिस येऊन गावे उठवतील, हे चित्र कायद्यातले नाही. ते निवडणुकीच्या सभेतले आहे. पण सत्तरीच्या माणसाने यावर विश्वास का ठेवावा? १९९९ साली ज्या कायद्याने त्याचे हक्क ठरवायचे होते, त्याने ते ठरविले नाहीत. ज्या सरकारने दाव्यांच्या फायली रेंगाळत ठेवल्या, तेच सरकार न्यायालयात जाऊन लोकांचे हक्क बाकी असल्याचे कारण पुढे करते. आपण केलेल्या दिरंगाईचा आपणच बचाव म्हणून उपयोग करण्याची ही चतुराई सरकारी दफ्तरांत जुनीच आहे.

निसर्गप्रेमी मंडळींनाही येथे दोन शब्द ऐकवले पाहिजेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना सत्तरीचा माणूस म्हणजे आग लावणारा, फास लावणारा आणि पुढाऱ्यांच्या नादी लागणारा वाटतो. काजूच्या बागा साफ करताना लावलेल्या आगी रानात शिरतात, नवे गवत उगवावे म्हणून माळ जाळले जातात, शिकारीसाठी रान पेटविले जाते; हे सारे खरे आहे. पण जानेवारी २०२१ मध्ये शेळ-मेळावलीत काय झाले, याची त्यांनी आठवण ठेवावी. तेथल्या डोंगरावर केंद्र सरकारची एक नामांकित तंत्रशिक्षण संस्था उभी राहणार होती. जमीन कागदोपत्री सरकारची आणि काजू लावून जगणारी माणसे पिढ्यानपिढ्या तेथली. मोजणीला आलेल्या पथकासमोर गावातल्या बायका आडव्या झाल्या, लाठ्या चालल्या, आणि अखेर सरकारला तो प्रकल्प त्या जागेवरून हलवावा लागला. पणजीतील एकही परिसंवाद जे करू शकला नसता, ते सत्तरीतील एका गावाने करून दाखविले. ज्या जमिनीवर आपला हक्क आहे असे माणसाला वाटते, तिच्यासाठी तो लाठी खातो. जी सरकारची आहे असे वाटते, तिला आग लागली तर तो उभा राहून पाहतो. माधव गाडगीळ समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयी जे सांगितले, त्याचा गाभाही ग्रामसभांना निर्णयात सामील करून घ्या, हाच होता. तो अहवाल न वाचताच त्याला लोकविरोधी ठरविण्यात आले, हा भाग निराळा.

लोकांचे हक्क मानले तर अरण्य बुडेल, ही भीती अनुभवाला धरून नाही. कर्नाटकात बिळिगिरी रंगन टेकड्यांचे अरण्य २०११ साली व्याघ्र प्रकल्प झाले आणि त्याच वर्षी तेथील सोलिगा आदिवासींच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्कही मिळाले. दोन्ही गोष्टी एकाच रानात, एकाच वर्षी झाल्या आणि आकाश कोसळले नाही. आगीच्या संदर्भात तर सोलिगांचे म्हणणे फारच मननीय आहे. हंगामाच्या सुरुवातीला वाळलेल्या पाल्याला हलकी आग लावून मोकळे करण्याची त्यांची जुनी रीत होती. वनखात्याने ती बंद पाडली. त्यानंतर त्या टेकड्यांवर घाणेरीने थैमान घातले, सरपण साचत गेले आणि आगी लागल्या तेव्हा त्या मोठ्या लागल्या. सत्तरीचे ओले रान वेगळे आहे. तेथे आग लावणे हा उपाय होऊ शकत नाही, आणि सोलिगांची रीत जशीच्या तशी उचलण्यात शहाणपण नाही. मुद्दा इतकाच, की रानात कोणत्या दिवसांत काय वाळते आणि वारा कोणत्या खिंडीतून फिरतो, हे तेथे राहणाऱ्याला उपग्रहापेक्षा आधी कळते. उपग्रह धूर झाल्यावर सांगतो. महाराष्ट्रात गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि गावाने आपले रान राखून त्यातून उत्पन्नही काढले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

तेव्हा भांडण वाघ की माणूस हे नाही. व्याघ्र प्रकल्प झालाच पाहिजे. हवामानाच्या या लहरीत घाटमाथ्यापासून मोलेपर्यंतचा रानाचा पट्टा अखंड राहिला, तरच पाणी टिकेल. आणि त्या पट्ट्याला कायद्याचे याहून भक्कम कवच दुसरे नाही. पण अधिसूचनेच्या आधी, निदान तिच्या बरोबरीने, हक्कांच्या दाव्यांचा निकाल लागला पाहिजे. त्यासाठी नवा कायदा नको की नवी समिती नको. पंचाहत्तर वर्षांचा पुरावा पोर्तुगीज कागदांतच शोधला पाहिजे, असे वनहक्काचे नियम म्हणत नाहीत. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुने बांध, घरांचे चौथरे हे पुरावे त्यांत मान्य आहेत. सामूहिक हक्कांसाठी तर पवित्र झाडे, देवराया, तळी आणि स्मशानेदेखील ग्राह्य धरली आहेत. म्हणजे निरंकाराची राय हा नुसता श्रद्धेचा विषय नाही. तो बांबरच्या माणसांचा सनदी पुरावा आहे. फक्त तो लिहून घ्यायला कोणीतरी बांबरला गेले पाहिजे.

हे काम पावसाळ्यात होत नाही, कारण वाटा बंद असतात. ते चैत्रातही होत नाही, कारण माणसे काजूच्या बागांत असतात. दिवाळीनंतर भात घरात आले, की दोन-तीन महिने मोकळे मिळतात. त्या काळात उपजिल्हाधिकाऱ्यांनी आपले दप्तर वाळपईतून उचलून सुर्ला, चरावणे, बांबर, गोळावली अशा गावांत न्यावे, ग्रामसभा तेथेच भरवाव्यात आणि जबाब तेथेच घ्यावेत. त्याच बैठकीत प्रत्येक गावातली आठ-दहा माणसे आगीच्या राखणीसाठी नेमावीत, त्यांना रोजी द्यावी आणि बागेचा पाला कधी व कसा जाळायचा, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. गुराच्या भरपाईचा अधिकार जागेवरच्या वनक्षेत्रपालाकडे द्यावा, म्हणजे पंचनामा झाल्यापासून आठवड्यात पैसे हातात पडतील. याला हेलिकॉप्टरच्या फेऱ्यांइतकाही खर्च येणार नाही. मात्र तो माघ सरण्यापूर्वी झाला पाहिजे. त्यानंतर रानमोडी वाळायला लागते.